न लागलेला निकाल

१९८१ साली मुंबईत सिमेंटचे पोते दुकानात मिळत नसे. ते परवान्यावर मिळे. किंमत सरकारने बांधलेली, कोटा सरकारने ठरवलेला आणि तो कुणाला किती द्यायचा हेही सरकारच्याच हातात. ओटीवरची फरशी उखडली म्हणून दोन पोती हवी असलेल्या माणसालाही अर्ज करावा लागे, मग वीस मजली इमारत उभारणाऱ्या बिल्डरची काय कथा! सरकारी भाव आणि काळ्या बाजारातला भाव यांत एवढी दरी होती, की परवाना हीच एक मालमत्ता होऊन बसली होती. परवान्यावर सही करणारा माणूस कागदाच्या एका चिटोऱ्यावर हजारो रुपयांचा फायदा निर्माण करू शकत होता, आणि तोही कायद्याच्या चौकटीत राहून. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांची गोष्ट सांगताना लोक चारित्र्यापासून सुरुवात करतात. ती या पोत्यापासून करायला हवी.

अंतुले मूळचे आंबेतचे. म्हसळा तालुक्यातले, सावित्री नदीच्या काठावरचे हे गाव. जन्म १९२९ चा. लंडनला लिंकन्स इनमध्ये बॅरिस्टर झाले आणि १९६२ मध्ये श्रीवर्धनमधून विधानसभेत पोहोचले. श्रीवर्धन म्हणजे बाळाजी विश्वनाथ भटांचे गाव, पेशव्यांचे मूळ. त्याच मातीतला एक कोकणी मुसलमान पुढे महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला, याचे श्रीवर्धनकरांना आजही अप्रूप आहे. सत्तरच्या दशकात त्यांनी बांधकाम आणि दळणवळण खाते सांभाळले, आणि कोकणात रस्ता नि पूल देणारा मंत्री सहसा विसरला जात नाही. आंबेत आणि पलीकडचे म्हाप्रळ यांच्यामधल्या सावित्रीवर पूल आला नि रायगड-रत्नागिरी जोडली गेली. त्याचे श्रेय लोक त्यांनाच देतात.

१९७८ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा महाराष्ट्रातली बहुतेक मातब्बर मंडळी इंदिरा गांधींच्या विरुद्ध उभी राहिली. अंतुले बाईंबरोबर राहिले. त्या निष्ठेची परतफेड दोन वर्षांत झाली. फेब्रुवारी १९८० मध्ये शरद पवारांचे पुलोद सरकार बरखास्त झाले, निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या आणि ९ जून १९८० रोजी अंतुले मुख्यमंत्री झाले. राज्याचे पहिले आणि आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. मागे साखर कारखाना नाही, जिल्हा बँक नाही, मराठा आमदारांचा गट नाही. होता तो दिल्लीचा एक शब्द. तो असेपर्यंत सगळे ठीक होते.

पुढचे एकोणीस महिने या माणसाने असा काही धडाका लावला की विरोधकांचीही दमछाक झाली. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्याच काळातली. अल्पभूधारकांच्या कर्जमाफीची घोषणा त्याच काळातली. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे जन्माला आले. मुंबई पोलिसांतल्या शिपायाची अर्धी चड्डी जाऊन पूर्ण पँट आली, त्याचे श्रेयही अंतुल्यांच्याच खात्यावर जमा आहे. लंडनहून भवानी तलवार परत आणण्याची घोषणाही त्यांचीच. तलवार आली नाही, पण घोषणेने टाळ्या भरपूर मिळवल्या. निर्णय आधी, फाईल नंतर, अशी त्यांची पद्धत होती. मंत्रालयातल्या सचिवांना ती रुचत नव्हती आणि जनतेला भलतीच आवडत होती.

शिवसेनेने १९८० मध्ये विधानसभेला उमेदवार न देता इंदिरा काँग्रेसला पाठिंबा दिला होता, आणि बाळासाहेब ठाकरे नि अंतुले यांची दोस्ती जगजाहीर होती. आजच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला हे चित्र उलटे टांगलेले वाटेल. तेव्हा ते कुणाला फारसे खटकले नाही. शिवाजी महाराजांचे नाव घेणारा, जिल्ह्याला रायगड म्हणणारा मुसलमान मुख्यमंत्री शिवसैनिकाला परका वाटत नव्हता. त्यांचे खरे शत्रू पक्षातच होते. सहकारातल्या पुढाऱ्यांना आपल्या डोक्यावर बसवलेला हा बिनगटाचा माणूस मुळातच नको होता. त्यातच साखर कारखान्यांकडूनही देणग्या गोळा होऊ लागल्या, आणि नाराजी उघड कुजबुजीपर्यंत आली.

या देणग्या जात होत्या कुठे? अंतुल्यांनी अनेक विश्वस्त संस्था काढल्या होत्या. त्यांतली सर्वांत गाजलेली इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान, ऑक्टोबर १९८० मध्ये नोंदलेली. साहित्यिक-कलावंतांना मदत करायची, हा तिचा उद्देश. उद्देशात खोट काढायला जागा नव्हती. मराठी लेखक-कलावंताच्या म्हातारपणाची काळजी एखाद्या मुख्यमंत्र्याला वाटावी, ही तर दुर्मीळच गोष्ट. प्रश्न पैशाच्या उगमाचा होता.

३१ ऑगस्ट १९८१ रोजी इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. मथळा होता ‘इंदिरा गांधी अॅज कॉमर्स’. पंतप्रधानांच्या नावाने दुकान मांडले आहे, हा त्याचा रोख. कुणी किती देणगी दिली, तिच्या आसपास कुणाला किती सिमेंट मिळाले, याचा कागदोपत्री ताळा त्यात मांडला होता. संसदेत गदारोळ झाला. महाराष्ट्र टाइम्समध्ये गोविंद तळवलकरांच्या अग्रलेखांनी अंतुल्यांवर आधीपासूनच तोफ डागली होती. आता ती रोज धडधडू लागली.

टीकाकारांची ही फळी नीट पाहण्याजोगी आहे. शौरी आणि तळवलकर हे पत्रकार, दोघांचे पिंड वेगळे. मृणाल गोरे आणि प. बा. सामंत हे समाजवादी, गोरेगाव-बोरिवलीच्या पाण्यासाठी हंडे घेऊन रस्त्यावर उतरलेले. रामदास नायक भारतीय जनता पक्षाचे. नायकांनी अंतुल्यांवर भरलेल्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले वकील राम जेठमलानी. एरवी या मंडळींचे कशावरही एकमत झाले नसते. अंतुल्यांना ते मुसलमान म्हणून पाडले, असे त्यांचे चाहते आजही म्हणतात, आणि पक्षातल्या काहींच्या पोटात तेच दुखत होते हे नाकारता येणार नाही. पण ज्यांनी कोर्टात कागद लावले त्यांच्यावर हा आरोप चिकटत नाही. मृणालताईंनी मुख्यमंत्र्यांची जात-धर्म पाहून मोर्चे काढले असते, तर त्यांच्या लाटणे-मोर्चांचा धाक आधीच्या मुख्यमंत्र्यांना वाटलाच नसता.

सिमेंट वाटपाविरुद्धची सामंतांची याचिका उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्यापुढे आली. (याच लेंटिनांनी पुढे जे. जे. रुग्णालयातल्या ग्लिसरॉल प्रकरणाची चौकशी केली.) १२ जानेवारी १९८२ रोजी त्यांनी निकाल दिला. देणगी आणि नियमाबाहेरचे सिमेंट यांच्यात थेट देवाणघेवाण होती, असा त्यांचा निष्कर्ष. कुठल्या बिल्डरची देणगी कुठल्या तारखेची, त्याचे सिमेंट कुठल्या तारखेचे, हे त्यांनी जोडून दाखवले. देणग्यांच्या नोंदी होत्या, म्हणूनच हे शक्य झाले. रोखीने खाणारा पुढारी असता तर लेंटिनांच्या हाती तारखा लागल्याच नसत्या, हा समर्थकांचा युक्तिवाद त्यामुळे अगदीच टाकाऊ नाही. अंतुल्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

२० जानेवारीला ते पदावरून मोकळे झाले आणि २१ तारखेला बाबासाहेब भोसले यांचा शपथविधी झाला. या मधल्या दिवसांत, १८ जानेवारीला, मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार आणि एक जाऊ घातलेले सरकार. शहराच्या इतिहासात सिमेंटपेक्षा हा संप कितीतरी मोठा ठरला, पण त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रांची पाने चाळली तर राजकारण्यांचे डोळे कुठे होते ते कळते. आणखी एक योगायोग सांगायला हवा. फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले. १९८९ मध्ये ते पूर्णच गेले. ज्या परवान्यापायी मुख्यमंत्री गेले, त्या परवान्याचे मोल दीड महिन्यातच उतरू लागले होते.

लेंटिनांचा निकाल रिट याचिकेतला होता. त्याने खुर्ची गेली, शिक्षा झाली नाही. शिक्षेसाठी फौजदारी खटला हवा, आणि तो रामदास नायकांनी आधीच सुरू केला होता. इथून पुढची कथा कायद्याच्या पुस्तकांतली आहे. तिच्यात थोडे रेंगाळायला हवे, कारण अंतुले दोषी होते की नव्हते या प्रश्नाचे उत्तर या वाटेवरच कुठेतरी गळून पडले.

मुख्यमंत्र्यावर लाचखोरीचा खटला भरायचा तर मंजुरी लागते. ती देणार राज्यपाल, आणि राज्यपाल चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. मंत्रिमंडळाचा प्रमुख तोच आरोपी! नायकांनी सप्टेंबर १९८१ मध्ये राज्यपाल ओ. पी. मेहरांकडे मंजुरी मागितली, दंडाधिकाऱ्यांकडे तक्रारही केली. मंजुरीविना गाडे अडले. उच्च न्यायालयात सरकारी वकिलांनी मान्य केले की या बाबतीत राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने ठरवावे. नंतर सरकारचे म्हणणे, आम्ही तसे बोललोच नाही. सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे कान उपटले. न्यायाधीश निकालपत्रात जे नोंदवतात तेच खरे, ते खोडायला प्रतिज्ञापत्रे चालणार नाहीत. हा नियम आज देशभर उद्धृत होतो, आणि त्याचे मूळ अंतुल्यांच्या सिमेंटात आहे.

जुलै १९८२ मध्ये नवे राज्यपाल आय. एच. लतीफ यांनी मंजुरी दिली. (मेहरा आणि लतीफ, दोघेही माजी हवाई दलप्रमुख.) ऑगस्टमध्ये विशेष न्यायाधीशांपुढे नवी तक्रार दाखल झाली. अंतुल्यांच्या वकिलांनी आता दुसरा मुद्दा काढला. साहेब मुख्यमंत्री नसले तरी आमदार आहेत, आमदार हा लोकसेवक, तेव्हा विधानसभेचीही मंजुरी हवी. जुलै १९८३ मध्ये विशेष न्यायाधीशांना हे पटले आणि अंतुले सुटले.

सुटका सात महिने टिकली. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ती रद्द केली. आमदार हा दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक नाही, असे ते म्हणाले. ज्या पदाचा गैरवापर केला ते पद सुटले की मंजुरीची ढालही सुटली, हेही त्यांनी सांगितले. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट कोर्टाने ठामपणे मांडली. फौजदारी कायद्याचे चाक कुणीही नागरिक फिरवू शकतो, त्याला पोलिसांची किंवा सरकारची वाट पाहायला नको. नायकांसारख्या एका नगरसेवक-आमदार पातळीवरच्या कार्यकर्त्याने मुख्यमंत्र्याला कोर्टात खेचावे, याला एवढे स्वच्छ बळ क्वचितच मिळाले असेल.

पण त्याच निकालात न्यायमूर्तींनी उत्साहाच्या भरात एक पाऊल जास्त टाकले. खटला आधीच लांबला आहे, तर तो विशेष न्यायाधीशांकडे न ठेवता थेट उच्च न्यायालयातच चालवा, असा आदेश त्यांनी दिला. हेतू चांगला होता. तिथे ५७ साक्षीदार तपासले गेले. न्यायमूर्ती द. न. मेहता यांनी २१ आरोप ठेवले, २२ नाकारले. नायक पुन्हा दिल्लीला. एप्रिल १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, खंडणीचे कलम लागत नाही, कारण देणारा घाबरून देत होता असे दिसत नाही, तो फायद्याच्या आशेने देत होता. लाचेची कलमे मात्र सकृद्दर्शनी लागतात. उच्च न्यायालयात नव्याने आरोप निश्चित झाले, एकूण ७९.

आणि मग २९ एप्रिल १९८८ उजाडला. सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवले की १९८४ चा तो आदेशच चुकला होता. असे खटले फक्त विशेष न्यायाधीशच चालवू शकतात, असे १९५२ चा कायदा सांगतो. उच्च न्यायालयात खटला नेल्याने आरोपीचा अपिलाचा एक टप्पा हिरावला गेला. कोर्टाच्या चुकीचा फटका कुणालाही बसता कामा नये, असे म्हणत न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी यांनी आपल्याच न्यायालयाचा आदेश मागे घेतला. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांनी असहमती नोंदवली. अंतिम निकाल असे उकरायचे ठरवले तर अंतिम काहीच उरणार नाही, अशी त्यांची भूमिका. कायदा म्हणून बहुमत बरोबर असेलही. ५७ साक्षी, ७९ आरोप आणि सहा वर्षे यांचे काय, हे मात्र कुणी सांगितले नाही.

खटला पुन्हा तळाच्या पायरीवर. डिसेंबर १९९१ मध्ये अंतुल्यांच्याच नावाचा आणखी एक घटनापीठाचा निकाल आला. जलद सुनावणी हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे, पण किती वर्षांत खटला संपलाच पाहिजे याची मुदत कोर्ट घालून देणार नाही. कच्च्या कैदेत वर्षानुवर्षे कुजणारा देशातला गरीब आरोपी आज ज्या निकालाचा आधार घेतो, तो एका माजी मुख्यमंत्र्याच्या खटल्यातून आला आहे. अंतुल्यांना दोषी ठरवणारा फौजदारी निकाल कधीच लागला नाही. तक्रारदार रामदास नायक यांची ऑगस्ट १९९४ मध्ये वांद्र्यात गोळ्या झाडून हत्या झाली. मुंबईच्या टोळ्यांच्या त्या दिवसांतला तो खून; या खटल्याच्या गोष्टीत तो ओढू नये.

तोवर अंतुले राजकारणात परतले होते. १९८९ पासून ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून येऊ लागले. शेतकरी कामगार पक्षाच्या बालेकिल्ल्यात काँग्रेसला तिथे जिंकायला दुसरा माणूसच नव्हता. १९९५ मध्ये नरसिंह रावांनी त्यांना आरोग्यमंत्री केले. पुढे १९९८ मध्ये झारखंड मुक्ती मोर्चा लाच प्रकरणात, खुद्द रावांच्याच खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने खासदार-आमदार हे लोकसेवकच आहेत असे ठरवले. अंतुल्यांनी १९८३ मध्ये जे म्हटले होते ते पंधरा वर्षांनी, नव्या कायद्याखाली, खरे ठरले.

म्हसळा, श्रीवर्धन, मुरुड या पट्ट्यात अंतुल्यांबद्दल विचारले तर सिमेंटचा विषय निघतो तो शेवटी, आणि तोही हसत. आधी निघतो तो रस्ता, मग नोकरीला लावलेला कुणाचा तरी काका, मग महाविद्यालय. त्यांच्या संस्थांपैकी कोकण उन्नती मित्र मंडळाची वसंतराव नाईक महाविद्यालये मुरुड-जंजिऱ्याला आणि म्हसळ्याला आहेत. ज्या गावांतल्या मुलींना बारावीनंतर शिकायचे तर महाड किंवा अलिबाग गाठावे लागे, तिथे त्यांचे मोल शहरी वाचकाला चटकन कळणार नाही. साहेबांनी स्वतःच्या खिशात काय घातले, हा समर्थकांचा हुकमी सवाल असतो. माणसाच्या हावेबद्दल तो काही सांगतो, गुन्ह्याबद्दल नाही. लाचेचे जुने कलम १६१ स्वतःसाठी घेणे आणि दुसऱ्या कुणासाठी घेणे यांत फरकच करत नव्हते. बिल्डरने दिलेला पैसा कॉलेजच्या भिंतीत गेला, तरी ज्याच्या वाट्याचे सिमेंट बिल्डरला गेले त्या सामान्य अर्जदाराचे घर अर्धवटच राहिले. त्या अर्जदाराचे नाव ना समर्थकांच्या आठवणीत आहे, ना निकालपत्रात.

टीकाकारांनाही एक प्रश्न विचारायला हवा. कोटा-परवान्याच्या राज्यात अंतुले हे एकटेच होते काय? नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यांनी जे केले ते उघड, एकहाती आणि पंतप्रधानांच्या नावावर केले. साखरसम्राटांनी त्यांच्या पतनावर समाधानाचा सुस्कारा सोडला तो नीतीच्या प्रेमापोटी खासच नव्हे. म्हणून लेंटिनांचा निष्कर्ष चुकीचा ठरत नाही, एवढेच.

उतारवयातही वादाने त्यांचा पिच्छा सोडला नाही, किंवा त्यांनी वादाचा. २००६ पासून ते केंद्रात अल्पसंख्याक खात्याचे मंत्री होते. २००८ मध्ये मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर तीनच आठवड्यांनी, त्यात मारले गेलेले दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे यांना कामा रुग्णालयाच्या दिशेने कुणी पाठवले, असा संशय त्यांनी जाहीरपणे व्यक्त केला. करकरे करत असलेल्या मालेगाव स्फोटाच्या तपासाचा संदर्भ त्यामागे होता. सारा देश सुतकात असताना सरकारमधल्याच मंत्र्याने असे बोलावे, याने काँग्रेसची बोबडी वळली. राजीनामा देऊ केला गेला, स्वीकारला गेला नाही, आणि गृहमंत्री चिदंबरम यांनी संसदेत तपशील देऊन संशय फेटाळला. बेजबाबदार विधान होते ते, यात शंका नाही. पण मुस्लिम मोहल्ल्यांत त्यांचे नाव पुन्हा एकदा घेतले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी रायगडमधून शिवसेनेच्या अनंत गीते यांनी त्यांचा दणदणीत पराभव केला.

२०१४ मध्ये मात्र म्हाताऱ्याने शेवटची खेळी केली. एकेकाळचे त्यांचे शिष्य सुनील तटकरे राष्ट्रवादीकडून, आघाडीचे उमेदवार म्हणून उभे होते. काँग्रेसवाले अंतुले आघाडी सोडून शेकापच्या रमेश कदमांच्या मागे उभे राहिले. तटकरे जेमतेम दोन हजार मतांनी गीत्यांकडून हरले. तटकऱ्यांच्याच नावाचा आणखी एक उमेदवार रिंगणात होता आणि त्याने नऊ हजारांवर मते खाल्ली, तेव्हा श्रेय कुणाकुणाला द्यायचे हा प्रश्न उरतोच. त्याच वर्षी २ डिसेंबरला मुंबईत अंतुल्यांचे निधन झाले. दफन आंबेतला.

राज्यपालांच्या मंजुरीचा घोळ त्यांच्याबरोबर संपला नाही. आदर्श सोसायटी प्रकरणात माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाणांविरुद्ध खटल्याला २०१३ मध्ये एका राज्यपालांनी नकार दिला, २०१६ मध्ये दुसऱ्यांनी होकार दिला आणि २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तो होकार रद्द केला. २०१८ मध्ये संसदेने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदाच दुरुस्त केला. पद सुटल्यावर मंजुरीची गरज नाही, हे १९८४ च्या अंतुले निकालाने नायकांच्या पदरात टाकलेले माप त्या दुरुस्तीने काढून घेतले. आता माजी मुख्यमंत्र्यावर भ्रष्टाचाराचा खटला चालवायचा, तरी आधी मंजुरी आणावी लागते.